घरी ऑक्सिजनचं मशीन घ्यावं, की पल्मनरी रिहॅब करावं?

सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचा, पेशंट इस्पितळातून घरी आला की आठवड्याभरात हा प्रश्न समोर येतो. (पल्मनरी रिहॅब म्हणजे फुफ्फुसाच्या रुग्णांसाठीचा देखरेखीखालचा व्यायाम.) आमच्याकडेही आला. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ७४, तरुणपणी इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये कार्डिंग म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. पण वीस वर्षं छातीत गेलेली कापसाची धूळ आणि जोडीला विड्या, हे सगळं अंगात राहिलं. दिवाळीनंतरच्या थंडीत छाती भरली आणि नऊ दिवस ॲडमिट करावं लागलं. घरी आणलं त्या संध्याकाळपासून जो कोणी भेटायला आला त्याने पहिलं हेच विचारलं, "मशीन घेतलं का?"

विचारणाऱ्यांचं काही चुकलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये सिलेंडरसाठी रात्रभर रांगेत उभी राहिलेली माणसं आहेत ही. घरात मशीन असलं की धीर वाटतो. मीही त्याच भीतीपोटी दुसऱ्या दिवशी ते भाड्याने आणलं. त्यानंतर जे पाहिलं आणि जे शोधून वाचलं, ते आज याच वळणावर उभ्या असलेल्या घरांसाठी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषध आणि ऑक्सिजन किती हे तुमच्या छातीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, हे कळलेलं असलं तर फार फरक पडतो.

आधी एक आकडा

पेशंट खुर्चीत दहा मिनिटं शांत बसल्यावर ऑक्सिमीटर किती दाखवतो? जिना चढून आल्यावरचा किंवा खोकल्याची उबळ आल्यावरचा आकडा इथे धरायचा नाही. शांत बसल्यावरचा आकडा ८८ टक्के किंवा त्याखाली असेल तर मशीनचा विचार खरा. ८९ ते ९३ च्या मध्ये असेल तर थांबा, घाई करू नका.

बोटावरच्या त्या छोट्या यंत्रावर सगळा निर्णय सोडू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. थंड बोटं, नेलपॉलिश, मेंदी यांनी आकडा हलतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर ते यंत्र खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतं, असं अमेरिकेतल्या रुग्णांच्या २०२० सालच्या अभ्यासात दिसलं. म्हणून आकडा सीमेवर असेल तर मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी ही रक्तातले वायू मोजणारी तपासणी करून घ्यावी. त्यात ऑक्सिजनचा दाब (हा टक्क्यांत नाही, मिमीमध्ये मोजतात) ५५ किंवा त्याहून कमी आला तर घरच्या ऑक्सिजनची गरज धरतात. ५५ ते ६० च्या मध्ये असून पायांवर सूज, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण किंवा रक्त दाट झालेलं असेल तरीही धरतात. एकदा मोजून भागत नाही, तीन आठवड्यांच्या काळात दोनदा खात्री करायची असते. आणि इस्पितळातून सुटताना लावून दिलेला ऑक्सिजन कायमचा समजायचा नाही. छाती निवळल्यावर, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचा. ही फेरतपासणी बहुतेक घरांत राहून जाते.

मशीन कोणाला तारतं

ज्याला खरी गरज आहे त्याचं आयुष्य ऑक्सिजन वाढवतो, यात शंका नाही. १९८१ साली ब्रिटनमध्ये ८७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा ऑक्सिजन बसल्या जागी खूप कमी होता. पाच वर्षांत, रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ जणांपैकी १९ गेले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. आदल्याच वर्षी आलेल्या अमेरिकी अभ्यासात, फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसभर घेणारे जास्त जगले. घरच्या ऑक्सिजनचा सगळा पाया या दोन अभ्यासांवर आहे. २०२४ मध्ये स्वीडनमधून २४१ रुग्णांचा नवा निष्कर्ष आला. १५ तास आणि २४ तास अशा दोन गटांत वर्षभरात मृत्यू किंवा ॲडमिट होणं यांत फरक पडला नाही. म्हणजे १५ तास नीट पाळले तर अंघोळीला, देवपूजेला, अंगणात बसायला नळी काढता येते. घरच्या माणसांच्या जिवावरचं केवढं ओझं यानं उतरतं.

अण्णांचा आकडा मात्र बसून ९२-९३ होता, जिना चढल्यावर ८७. नेमक्या अशाच रुग्णांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. २०१६ साली तिचे निकाल आले. रुग्ण ७३८, निम्म्यांना ऑक्सिजन, निम्म्यांना नाही. मृत्यू किंवा पहिल्यांदा ॲडमिट व्हायची वेळ, चालण्याची ताकद, रोजच्या जगण्याचा दर्जा, कशातच फायदा दिसला नाही. नळीत पाय अडकणं आणि भाजणं यांच्या नोंदी मात्र झाल्या.

"पण दम लागतो तेव्हा बरं वाटतं ना?" हा प्रश्न मीच डॉक्टरांना विचारला होता. २०१० साली २३९ रुग्णांना नळीतून ऑक्सिजन किंवा साधी हवा दिली गेली, कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. या सगळ्यांचा रक्तातला ऑक्सिजन बऱ्यापैकी होता. दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं, आणि सारखंच वाटलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात हातात धरायच्या छोट्या पंख्याचा वारा पाच मिनिटं चेहऱ्यावर घेतल्यानं धाप कमी वाटली. तेव्हापासून आमच्या जिन्याच्या कठड्याला एक पंखा टांगलेला आहे.

मशीनबरोबर घरात काय येतं

वीज आधी. साडेतीनशे वॅटचं मशीन १५ तास चाललं तर दिवसाला सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. वीज गेली तर मशीन बंद, म्हणून शेजारी एक लहान सिलेंडर. आठवड्याला फिल्टर धुवायचा. रात्रभर घरघर.

त्याहून मोठी गोष्ट आगीची. निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, विडी यांच्या जवळ ही नळी नको. नाक कोरडं पडतं म्हणून आपण तुपाचं बोट फिरवतो. ऑक्सिजन चालू असताना तूप, तेल, व्हॅसलीन काहीही नको, पाण्याचं जेल मिळतं ते लावावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मशीनवरची ऑक्सिजन किती लिटर चालू आहे ते दाखवणारी गोटी वर सरकवायची नाही. धाप लागली की घरची माणसं दोनचे पाच लिटर करतात. मीही एकदा केलं. सीओपीडीच्या काही रुग्णांमध्ये जास्त ऑक्सिजननं रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस झोपाळू होत जातो. टास्मानियात ॲम्ब्युलन्समधल्या ४०५ रुग्णांवर याचा अभ्यास झाला. ज्यांचा ऑक्सिजन मोजून ८८ ते ९२ मध्येच ठेवला, त्यांच्यात भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा मृत्यू निम्म्याहून कमी झाले. मशीन घेतलंत तर डॉक्टरांनी सांगितलेला लिटरचा आकडा कागदावर लिहून त्यालाच चिकटवा.

हे सगळं झेपण्यासारखं आहे. पण मला जे टोचलं ते वेगळंच. नळी आल्यापासून अण्णा खोलीबाहेर यायचे थांबले. नळी पुरते तेवढंच त्यांचं जग झालं. आधी दूध आणायला जाणारा माणूस चहासुद्धा पलंगावर मागू लागला. महिन्याभरात लेंगा मांड्यांवर सैल झाला.

रिहॅब म्हणजे नक्की काय

नाव मोठं आहे, काम साधं. आठवड्याला दोन-तीनदा फिजिओथेरपिस्टसमोर चालणं, खुर्चीतून उठ-बस, मांड्या आणि दंडांचा हलक्या वजनांचा व्यायाम, ओठ आवळून सावकाश श्वास सोडणं, कफ काढायची रीत, औषधाचा पंप (इन्हेलर) नीट ओढायला शिकणं. कमीत कमी सहा ते आठ आठवडे. सुरुवातीला आणि शेवटी सहा मिनिटांत किती मीटर चालता ते मोजतात.

फुफ्फुसं यानं सुधारत नाहीत. पीएफटीचा, म्हणजे फुंकून करायच्या फुफ्फुसाच्या तपासणीचा, आकडा तोच राहतो, आणि म्हणूनच लोकांचा विश्वास बसत नाही. फरक पडतो मांडीत. बसून बसून अशक्त झालेला स्नायू थोड्या कामातच आम्ल तयार करतो, आणि ते बाहेर टाकायला श्वास वाढवावा लागतो. सीओपीडीत श्वास भराभर घेतला की आधीची हवा पूर्ण बाहेर पडत नाही, आत साठत जाते, छाती फुगून राहते. हीच ती धाप. मांडी बळकट झाली की तेवढ्याच चालण्याला श्वास कमी लागतो, आणि आवळलेल्या ओठांमुळे हवेला बाहेर जायला वेळ मिळतो. कपालभातीबद्दल आम्हाला बऱ्याच जणांनी सुचवलं. जोरजोरात, भराभर श्वासाचा प्रकार या आजारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे. कारण वर सांगितलं तेच.

पुरावा केवढा आहे? वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण होते. सहा मिनिटांच्या चालण्यात सरासरी ४४ मीटरची भर पडली, आणि ३० मीटरचा फरकसुद्धा रुग्णाला जाणवतो असं मानतात. रिहॅबचा उपयोग होतो का, हे तपासायला आता नव्या चाचण्या नकोत, असं त्यांनी तेव्हाच म्हटलं. अमेरिकेत २०२० साली जवळजवळ दोन लाख वृद्धांच्या नोंदी पाहिल्या. इस्पितळातून सुटल्यावर ९० दिवसांत रिहॅब सुरू करणाऱ्यांपैकी वर्षभरात ७.३ टक्के गेले, बाकीच्यांपैकी १९.६ टक्के. हा नोंदींचा अभ्यास आहे, जे मुळात थोडे धडधाकट तेच रिहॅबला गेले असणार हे धरून चाललं पाहिजे. तरी त्यातला दुसरा आकडा मनाला लागतो. ९० दिवसांत रिहॅबला पोचले फक्त दीड टक्का लोक.

चालताना आकडा खाली येतो म्हणून व्यायामाची भीती वाटते. मलाही वाटायची. ऑस्ट्रेलियात अशा १११ रुग्णांना २०१९ साली ऑक्सिजन लावून किंवा नुसती हवा देऊन व्यायाम करवला. दोन्ही गट सुधारले, ऑक्सिजनवाले जास्त नाही. अर्थात हे देखरेखीखाली. आकडा किती खाली गेला की थांबायचं, हे फिजिओ ठरवून देतात.

अडचणी मी लपवणार नाही. आठ आठवडे कुणीतरी बरोबर जायला लागतं. अण्णा पहिल्या तीन दिवसांत दोनदा "नाही येत" म्हणाले. कोर्स संपल्यावर व्यायाम सोडला तर मिळवलेलं हळूहळू जातं. हृदयाचा झटका नुकताच येऊन गेला असेल, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी. केंद्र लांब असेल तर २०१७ चा १६६ रुग्णांचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास फिजिओला दाखवा. एकदा घरी भेट, मग सात आठवडे दर आठवड्याला एक फोन, एवढ्यावर कोर्सअखेर चालण्यातली सुधारणा केंद्रात जाणाऱ्यांपेक्षा कमी पडली नाही.

मग काय घ्यावं

बसून ८८ किंवा खाली, एबीजीनं खात्री झालेली: मशीन घ्या, उशीर करू नका, १५ तास पाळा. बसून ८९ ते ९३ आणि चालताना धाप: मशीनचे पैसे आणि तेवढीच धावपळ रिहॅबवर लावा. आकडा मधला आणि घरच्यांना धीर हवा असेल, तर विकत न घेता महिन्याच्या भाड्यावर घ्या आणि फेरतपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवा. दोन्ही बाबतींत पंप ओढायची पद्धत आधी कुणाला तरी दाखवा, कारण अण्णांचं निम्मं औषध घशातच राहत होतं. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्यांसाठी नवी इंजेक्शनं आली आहेत, त्यातल्या डुपिलुमॅबला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. पण ती तीन औषधांचा पंप घेऊनही वारंवार छाती भरणाऱ्यांसाठी. तुमचा आजचा निर्णय त्यानं बदलत नाही.

आम्ही मशीन दोन महिन्यांनी परत केलं. रिहॅबनंतर सहा मिनिटांच्या चालण्यात अण्णा २३५ मीटरवरून २८० वर आले. आता सकाळी नेहरू पार्कात एक फेरी मारतात, मध्ये दोनदा बाकावर बसून. रंगपंचमीच्या गेरीच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी आणि शहराबाहेर नरवाई (शेतातली धसकटं) जळते त्या आठवड्यांत फेरी घरातच.

समोरच्या मावशींचं मात्र उलट. देवासकडच्या गावात चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या, विडी-सिगारेट कधी हातात धरली नाही, आणि आकडा बसून ८४, पाय सुजलेले. त्यांना मशीन लागलंच, आणि महिन्याभरात सूज उतरली, झोप लागू लागली. त्यांच्या मुलानं लांब नळी आणली आहे, पलंगापासून बैठकीपर्यंत पुरते, स्वयंपाकघराच्या दाराशी संपते. फिजिओनं सांगितल्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ दहा वेळा खुर्चीतून उठ-बस करतात, नळी लावूनच. मी मोजायला जाते.