सात वर्षांच्या हिशेबाने पाहिलेला गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा

सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा सादर केला, तेव्हा त्यासाठी अँड्रॉइडच्या सात नव्या आवृत्त्या आणि सात वर्षांची सुरक्षा अपडेट देण्याचे जाहीर केले. त्याआधी तीन महिने गूगलने पिक्सेल ८ साठी असेच वचन दिले होते. या फोनचे मोल ठरवताना मला हाच निकष सर्वांत योग्य वाटतो. दोन वर्षांत बदलायच्या फोनचे जे दोष आपण सहज पोटात घालतो, तेच सात वर्षे रोज हाताळायचे असतील तर त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि गुणांचाही.

गुणांत पहिले स्थान मी पडद्यावरच्या काचेला देतो. जाहिरातींत २६०० निट्स प्रखरतेचा आणि २०० मेगापिक्सेलचा गाजावाजा असतो. प्रत्यक्ष वापरात दिवसाला शंभर वेळा उपयोगी पडते ती कॉर्निंगची गोरिला आर्मर काच. नेहमीच्या काचेच्या तुलनेत तिच्यावरील परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत कमी होते, असे कॉर्निंग सांगते. एखादा जुना फोन आणि हा फोन पडदे बंद करून ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी ठेवले, की जुन्यावर नळीची पांढरी रेघ लख्ख उमटते आणि यावर तिची फक्त मंद छटा दिसते. भर उन्हात संदेश वाचताना स्वतःचा चेहरा आणि मागचे आभाळ मधे येत नाही, काळा रंग काळाच राहतो आणि डोळे ताणावे लागत नाहीत. शिवाय प्रोसेसर चार वर्षांनी जुना वाटेल, काचेचा हा गुण मात्र तसाच राहील. फक्त तिच्यावर साधे संरक्षक आवरण चिकटवू नये. परावर्तन त्या आवरणावरून होऊ लागते आणि ज्यासाठी ही काच घ्यायची, तेच हातचे जाते.

आधीच्या एस२३ अल्ट्राच्या वक्र कडा जाऊन पडदा सपाट झाला, हा बदल एस पेन, म्हणजे फोनच्या आतच बसणारी पडद्यावर लिहिण्याची लेखणी, वापरणाऱ्यांना विशेष जाणवेल. आता ओळ कडेपर्यंत लिहिता येते, पेन घसरत नाही. या पेनाला लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही, कारण लेखनापुरती ऊर्जा त्याला पडद्याखालील विद्युतचुंबकीय क्षेत्रातून मिळते. आतली छोटी साठवण केवळ बटणाने दुरून फोटो काढण्यासारख्या कामांसाठी आहे. फोन बंद पडद्यासह टेबलावर असताना पेन ओढून काढायचा आणि काळ्या पाटीवर लिहावे तसा दूरध्वनी क्रमांक टिपून घ्यायचा, ही सवय एकदा लागली की कागदाचे चिटोरे शोधणे थांबते.

कॅमेऱ्याबाबत माझे मत संमिश्र आहे. मुख्य सेन्सर २०० मेगापिक्सेलचा असला तरी नेहमीच्या फोटोत सोळा पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचे चित्र बनते, आणि रोजच्या वापराला तेच उत्तम आहे. खरा वाद झूमचा आहे. एस२३ अल्ट्रामधील १० मेगापिक्सेलची दहापट लेन्स काढून येथे ५० मेगापिक्सेलची पाचपट लेन्स बसवली आहे. पाच ते दहा पटींच्या दरम्यान, म्हणजे रंगमंचावरचा माणूस किंवा इमारतीवरचे कोरीवकाम टिपताना, हा बदल फायद्याचा आहे, कारण दहापट चित्रही त्या मोठ्या सेन्सरच्या मधल्या भागातून चांगले निघते. दूरच्या फांदीवरचा पक्षी टिपणाऱ्याला मात्र जुन्या लेन्सची उणीव भासेल. तीनपट झूमचा सेन्सर अजून १० मेगापिक्सेलचाच आहे. माणसांचे फोटो बहुतेक याच अंतरावरून काढले जातात, म्हणून या श्रेणीच्या फोनमध्ये ही काटकसर मला पटत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींवर विसंबून हा फोन घेऊ नये. संभाषणाच्या थेट भाषांतरासाठी आरंभी दिलेल्या तेरा भाषांत हिंदी होती, मराठी नव्हती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या सोयी २०२५ अखेरपर्यंत मोफत असतील अशी तळटीप कंपनीने तेव्हाच जोडली होती. सात वर्षांच्या वचनाशेजारी ती फारच आखूड वाटते.

२३२ ग्रॅम वजन आणि ७९ मिलिमीटर रुंदी यांची तडजोड कोणत्याही अपडेटने सुटणार नाही. टायटॅनियमची चौकट मजबूत आहे, पण एका हाताने टंकलेखन करताना अंगठा पलीकडच्या अक्षरापर्यंत पोहोचत नाही आणि आडवे पडून वाचताना मनगट लवकर भरून येते. ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी दुकानात पाच मिनिटे तरी हा फोन धरून पाहावा. मेमरी कार्डाची सोय नाही, म्हणून साठवण पहिल्याच दिवशी विचार करून निवडावी.

राहिला प्रश्न बॅटरीचा, आणि सात वर्षांच्या हिशेबातला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी दिवसभर आरामात पुरते. चार्जिंग ४५ वॉटचे आहे आणि चार्जर खोक्यात मिळत नाही. त्याच महिन्यात जगभर आलेला वनप्लस १२ बहुतेक देशांत १०० वॉटपर्यंत जातो. हा संथपणा मला फारसा खटकत नाही, कारण कमी उष्णता बॅटरीच्या हिताचीच असते. खटकते ते हे की, लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापरागणिक घटत जाणारच, आणि ती या फोनमध्ये स्वतः उघडून बदलण्याजोगी नाही. सॉफ्टवेअरचे आयुष्य सात वर्षे धरले, तर मधे कधीतरी सेवा केंद्रात जाऊन बॅटरी बदलण्याचा खर्च खरेदीच्या वेळीच मनात धरावा. सेटिंग्जमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे. मी ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवली आहे, एरवीचा दिवस तेवढ्यात निघतो, आणि प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी ती बंद करतो.