हिस्लॉप ते नॅशव्हिल: वाचनालयातल्या एका खोलीबद्दल

३० जुलै २०२० च्या रात्री मी नागपूरच्या घरात मोबाइलवर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते जॉन लुईस यांची अंत्ययात्रा-प्रार्थना बघत होते. अटलांटाच्या एबेनेझर चर्चमध्ये अमेरिकेचे तीन माजी राष्ट्राध्यक्ष बोलले. पण माझ्या कानात राहिला तो ९१ वर्षांच्या रेव्हरंड जेम्स लॉसन यांचा आवाज. एका कवितेपासून सुरुवात करून ते सावकाश १९६० च्या नॅशव्हिलकडे आले, अमेरिकेतल्या त्या शहरातल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनाकडे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शोधलं तेव्हा कळलं, की हा माणूस १९५३ ते १९५६ आमच्या हिस्लॉप कॉलेजात होता! मी त्याच कॉलेजची बी.ए. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंग भोगून ते नागपूरला आले होते. गांधींचा सत्याग्रह त्यांना जवळून समजून घ्यायचा होता. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी भेदभावाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली ती इथेच, 'नागपूर टाइम्स'मध्ये.

त्यामुळे लेकीकडे नॅशव्हिलला गेले तेव्हा पहिल्यांदा गाठलं ते चर्च स्ट्रीटवरचं सार्वजनिक वाचनालय. दुसऱ्या मजल्यावर 'सिव्हिल राइट्स रूम', म्हणजे नागरी हक्कांच्या लढ्याची खोली आहे. प्रवेश फुकट.

भिंतींवर त्या काळचे मोठे कृष्णधवल फोटो आहेत आणि मधोमध एक गोलसर काउंटर, भोवती स्टुलं. १९६० मध्ये गावातल्या दुकानांच्या अशाच काउंटरवर कृष्णवर्णीयांना खायला मिळत नसे. सामान विकत घ्यायची मुभा होती, बसून खायची नाही. महाडच्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि माणसांना मनाई होती, हे ज्यांच्या घरात सांगितलं गेलंय त्यांना यापुढे काही समजावावं लागत नाही.

याविरुद्ध कृष्णवर्णीय विद्यार्थी त्या काउंटरवर जाऊन शांतपणे बसून राहत. ते सोबत बाळगत ते दहा नियम या खोलीतल्या काउंटरवर लिहिलेत. कुणी मारलं तरी उलट हात उगारू नका, शिवी देऊ नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. नेत्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. शेवटच्या नियमात येशू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत गांधीजींचं नाव आहे. मी तिथे बोट ठेवून थांबले.

या नियमांमागे लॉसन यांची तालीम होती. एका चर्चच्या तळघरात मुलांना खुर्च्यांवर बसवायचे. बाकीचे त्यांना शिव्या देणार, तोंडावर सिगारेटचा धूर सोडणार, खाली ढकलणार. पुन्हा उठून बसायचं. हे सगळं आधी महिनोन् महिने घोटून घेतलं होतं. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. धैर्याचे धडे दिले, पण धैर्याचा सराव घ्यायचा असतो हे मला तिथे त्या स्टुलावर बसून उमगलं. १९६० च्या मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तिथे शिकणाऱ्या लॉसन यांना काढून टाकलं, एप्रिलमध्ये या मुलांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब पडला, आणि १० मे रोजी काउंटर कृष्णवर्णीयांना खुले झाले.

नऊ वर्षांची नात शेजारी बसून एकेक नियम मोठ्याने वाचत होती. "आजी, हसायचं पण नाही?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही गं, हसायचंही नाही." मग ती खरंच ताठ बसली, हात काउंटरवर ठेवून. मी तिचा फोटो काढला नाही. काढावासा वाटला नाही.

जाणार असाल तर दीड-दोन तास हाताशी ठेवा आणि वही न्या. मी दहाही नियम मराठीत उतरवून आणलेत. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत लावणार आहे, खाली लॉसन यांचं नाव आणि 'हिस्लॉप कॉलेज, नागपूर' असं लिहून.

बाहेर पडल्यावर चालत फिफ्थ अव्हेन्यूवर गेलो, जिथे ती दुकानं होती. रस्त्याच्या त्या भागाला आता जॉन लुईस यांचं नाव आहे; काउंटरवर बसलेल्या त्या विद्यार्थ्यांमध्ये तेही होते. पाटी नातीनेच वाचून दाखवली.