काचेचा पेला आणू नये : वारीच्या तयारीत आम्ही कशा फसलो

आधी आकडा सांगून टाकते. 8,500 रुपये. माझे आणि मोठ्या जाऊबाईंचे मिळून. लाखांनी बुडालेल्यांच्या बातम्या रोज वाचतो, त्यापुढे हे काहीच नाही, असं आमचे हेसुद्धा म्हणाले. पण आळंदीत भर उन्हात रस्त्याच्या कडेला दोन बायका बोचकी घेऊन बसल्या होत्या, तेव्हा हे तिथे नव्हते.

गेल्या वर्षी आम्ही दोघींनी पहिल्यांदा पायी वारी करायची ठरवली. आळंदी ते पंढरपूर, साधारण अडीचशे किलोमीटर. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधून आजवर कुणी गेलेलं नाही. दिंडी कशी धरायची, भिशी (दिंडीतल्या जेवणा-मुक्कामाची वर्गणी) किती, सामान कोण नेतं, विचारायचं कुणाला? तेवढ्यात जाऊबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. ‘माउलींच्या पालखीसोबत पायी वारी. दोन वेळ जेवण, चहा-नाश्ता, तंबू, सामानाची गाडी. माणशी 3,800 फक्त.’ खाली रथामागच्या एका दिंडीचा नंबर आणि मोबाइल.

फोन लावला. पलीकडून "राम कृष्ण हरी, माउली". आवाज असा की जन्मभर वीणा धरलेली असावी. दर वाक्याला माउली. आता वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, आणि माउलीकडे ओळखपत्र कोण मागणार?

तरी मी लगेच पैसे भरले नाहीत, एवढं श्रेय घेते. मला पटवलं ते त्यांनी पाठवलेल्या यादीनं. ‘सोबत आणावयाचे सामान’, दोन पानं, 31 कलमं. इतकी मुरलेली यादी मी कुठे पाहिली नव्हती. नवी चप्पल किंवा बूट आणू नये, दोन महिने पायात असलेलेच आणावेत. टॉवेल नको, पंचा आणावा, लवकर वाळतो. छत्री नको, गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. डोक्यावरून घ्यायला प्लास्टिकचा कागद आणावा. खोबरेल तेल. सुई-दोरा, पायाच्या फोडातून ओवण्यासाठी. दोरी 5 मिटर (‘मिटर’ असंच चुकीचं). आणि कलम 22 : ‘ताट, वाटी, पेला स्वतःचा. काचेचा पेला आणू नये. मागे एकाने आणला होता.’

हे वाचून आम्ही दोघी किती हसलो! मी जाऊबाईंना म्हटलंसुद्धा, "चोर असता तर त्याला हा पेला कसा सुचला असता?" त्याच संध्याकाळी पैसे गेले.

आता मागे वळून बघताना एकेक खूण दिसते. पैसे पाठवताना स्क्रीनवर दिंडीचं नाव नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. विचारलं तर, "पोराचं खातं आहे, माउली, मला ते फोनमधलं जमत नाही." पावती आली ती नुसतं चित्र, त्यावर दिंडीचं गाव नाही, पत्ता नाही, अनुक्रमांक नाही. मग आम्हाला ग्रुपमध्ये घेतलं. साठ-पासष्ट माणसं होती, पण लिहायची सोय फक्त अ‍ॅडमिनला. आपण समजतो, बरं झालं, फालतू गुड मॉर्निंग येत नाहीत. खरं कारण वेगळं. एखाद्यानं ‘अहो, यांचा फोन लागत नाही’ असं लिहिलं तर बाकीचे सावध होतील ना!

आठवड्यानं दुसरी मागणी आली. गाडीत शेकड्यानं बोचकी असतात, ओळखू यावीत म्हणून सगळ्यांना एकाच रंगाची, नंबर टाकलेली बॅग सक्तीची. 450 रुपये. बॅग आळंदीतच मिळेल, तोवर सामान साध्या पिशव्यांतून आणा. मला हे फार शिस्तीचं वाटलं. दोघींचे 900 भरले.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला, प्रस्थानाच्या आदल्या दिवशी, आम्ही आळंदीत उतरलो. दोघींच्या मिळून पाच पिशव्या. फोन लावला, बंद. पुन्हा बंद. सांगितलेल्या धर्मशाळेत गेलो, तर तिथल्या व्यवस्थापकांनी आमच्या पिशव्यांकडे बघूनच ओळखलं. "त्या बॅगवाल्यांपैकी का? सकाळपासून तुम्ही चौथ्या."

रडू आलं नाही, लाज वाटली. घरी काय सांगायचं? जाऊबाई मात्र वेगळ्याच. म्हणाल्या, "दिंडीचा नंबर तर खरा असेल ना? मग ती दिंडी कुठे उतरलीय ते शोधू."

आणि दिंडी खरंच होती. रथापुढे 27 दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येकीचा नंबर ठरलेला, आळंदीत उतरायची जागाही बहुधा ठरलेली. विचारत विचारत तासाभरात सापडली. मराठवाड्यातल्या एका गावची. म्हातारे दिंडीप्रमुख ट्रकच्या सावलीत बसून वळकट्या मोजत होते. मी मोबाइलवरची यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी अक्षर मोठं केलं आणि 22व्या कलमाशी थांबले.

"ही तर आमचीच हाय की. मीच लिवलीया. ह्यो पेला आमच्या गावच्या मास्तरनं आणला व्हता."

ट्रकच्या केबिनमधून त्यांनी झेरॉक्स काढून दाखवली. तीच 31 कलमं, तोच ‘मिटर’. फरक एवढाच, की त्यांच्या कागदावर वर गावाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं : ‘भिशी रोख द्यावी, पावती घ्यावी.’ आमच्याकडे आलेल्या प्रतीत हे दोन्ही कापलेलं. म्हणजे यादी खरी, नंबर खरा, मास्तरांचा पेलाही खरा. फक्त मोबाइल नंबर चोराचा.

बाबांनी आम्हाला घेतलं. तंबूत जागा नव्हती, "बायकांच्या राहुटीत दाटीवाटीनं झोपावं लागंल" म्हणाले. भिशी रोख भरली, कार्बन घातलेल्या पावतीपुस्तकातली पावती मिळाली. पण ट्रकात माणशी एकच वळकटी आणि एकच पिशवी चढणार होती. मग तिथेच रस्त्याच्या कडेला आमचं सामान उलगडलं. यादीत नसलेलं आम्ही काय काय भरलं होतं बघा : फुगवायची उशी, थर्मास, इस्त्रीच्या चार साड्या, तीन किलो लाडू-चकल्या, चार्जिंगचा पंखा. शेजारी एक आजी तंबाखू मळत हा बाजार बघत होत्या. चकल्यांचं काय करायचं ते त्यांनीच सुचवलं आणि अंमलबजावणीलाही बसल्या. बाकीचं पालखीच्या वाटेवरच विश्रांतवाडीत माझ्या मावसबहिणीकडे टाकलं.

एक गोष्ट त्या यादीतही नव्हती, बाबांनी तोंडी सांगितली. ट्रकातली पिशवी रात्रीशिवाय हाती लागत नाही. माझ्या बीपीच्या गोळ्या मी मोठ्या पिशवीच्या तळाशी ठेवल्या होत्या. त्या, आधार कार्ड, थोडे पैसे आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद खांद्याच्या शबनममध्ये आला. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवेघाट. त्या रात्री ट्रक शोधेपर्यंत दहा वाजले. गोळ्या पिशवीतच राहिल्या असत्या तर काय झालं असतं, ते यांना अजून सांगितलेलं नाही.

तक्रार पुण्याच्या मुक्कामात केली. मुलानं फोनवरून 1930 लावून दिला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. ज्या खात्यात पैसे गेले ते, व्यवहाराचा क्रमांक, स्क्रीनशॉट, सगळं लागतं; मी ग्रुप रागानं डिलीट करायला निघाले होते, मुलानं थांबवलं. पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येते, एवढ्या उशिरा आशा कमी, असं स्पष्ट सांगण्यात आलं. पैसे आजतागायत आले नाहीत. ग्रुपमधल्या नंबरांवर मी एकेकाला वेगळा मेसेज केला. अकरा जणांनी उत्तर दिलं, त्यांतल्या पाच जणांनी तक्रार केली. बाकीचे म्हणाले, देवाच्या वाटेवर गेले असं समजू. ताई, दादा, ते देवाच्या वाटेवर नाही गेले हो, त्या पोराच्या खात्यात गेले.

यंदा कुणी पहिल्यांदा निघत असाल तर दिंडीचा नंबर कळल्यावर त्याच मेसेजमधल्या मोबाइलवर खात्री करू नका. नोंद असलेल्या दिंड्यांची माहिती आळंदीच्या संस्थानकडे असते, तिथे विचारा. दिंडीचं गाव कोणतं ते विचारा आणि त्या गावातल्या कुणाशी तरी बोला. गेल्या साली त्याच दिंडीत चाललेला एक माणूस गाठून द्या म्हणा. खऱ्या दिंडीवाल्याला अशी पन्नास माणसं तोंडपाठ असतात. आमच्या माउलींनी त्यावर ‘नेटवर्क जातंय’ म्हणून फोन ठेवला होता, आणि मी पुन्हा लावला नाही.

हे आज लिहायचं कारण, परवा माझ्या भाचीनं मला एक मेसेज पाठवला. ‘मामी, हे बघ, स्वस्त आहे, मीपण येऊ का?’ दिंडीचा नंबर वेगळा, मोबाइल वेगळा, माणशी आता 4,200. यादी 31 कलमांची. 22वं तसंच आहे.