गाडीत ॲम्प: चार चॅनलचा एकच, की सोबत मोनोब्लॉकही?

परभणीहून भाच्याचा फोन आला. "मामा, गाडीला ॲम्प टाकायलो. चार चॅनलचा एकच घेऊ का मोनोब्लॉकसकट जोडी?" ॲम्प स्पीकरला ताकद देतो. चार चॅनलचा चार स्पीकर चालवतो, मोनोब्लॉक फक्त सबला, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरला. मी उलट विचारलं, "डिकीत सीएनजीची टाकी हाय का?" नाही म्हणाला. असती तर विषय तिथंच संपला असता.

टाकीवाल्यांनी डिकीतल्या सबच्या डब्याचा नाद सोडावा आणि सीटखालचा ॲक्टिव्ह सब बघावा. त्यात ॲम्प आतच असतो, 8 इंची उथळ स्पीकर असतो आणि वायरिंगही थोडक्यात भागतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट सोडून द्या, आतल्या कागदावरचे आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, वाचा. हलगी त्यावर छान वाजते, छाती मात्र हलत नाही. घेण्याआधी सीटखाली हात घालून बघा, काही गाड्यांत मागच्या प्रवाशांसाठीचा एसीचा डक्ट तिथूनच जातो.

डिकी मोकळी असेल तर खरी निवड सुरू होते. एकच चार चॅनलचा घेतला तर पुढचे दोन चॅनल दारातल्या स्पीकरला द्यायचे, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सबला. मागच्या दारांचे स्पीकर स्टीरिओवरच राहू द्या. पुढं बसणाऱ्याला त्यांची उणीव भासत नाही. यात एक खोच आहे. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, तो जेवढा कमी तेवढा ॲम्पवर भार जास्त. ब्रिज केल्यावर 4 ओहमचा सब प्रत्येक चॅनलला 2 ओहमसारखा जाणवतो. दुकानदारानं डबल कॉइलचा सब समांतर जोडून 2 ओहम केला, तर चॅनलवर 1 ओहमचा भार येतो आणि बहुतेक चार चॅनल ॲम्प तिथं प्रोटेक्टमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतात. मोनोब्लॉक मात्र अशा कमी ओहमसाठीच बनलेला असतो (2 की 1, ते त्याच्या पुस्तिकेत बघा). बऱ्याच मोनोब्लॉकना सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारा अतिखोल बेस कापणारा) आणि डॅशबोर्डवर लावायचं बेसचं बटणही मिळतं. 12 इंची सब आणि मित्रमंडळींसमोर दणका हवा असेल, तर जोडीला पर्याय नाही.

पण मराठवाड्यात पहिला हिशेब उन्हाचा. मे महिन्यात पारा 42-43 वर असताना उभ्या गाडीच्या आत 60 अंशांच्या वर सहज जातं, आणि ॲम्प बसवलेला असतो त्याच भट्टीत. माझा जुना क्लास एबी ॲम्प नांदेडहून लातूरला येताना अहमदपूरच्या अलीकडं गप्प झाला. लाल दिवा लागलेला. मला वाटलं जळाला. चहा पिऊन आलो तर पुन्हा वाजायला लागला! बिघाड काहीच नव्हता, फक्त तापला होता. एबी आणि डी हे ॲम्पच्या आतल्या सर्किटचे प्रकार. क्लास एबी घेतलेल्या विजेतली साधारण 60 टक्के स्पीकरला देतो, उरलेली उष्णता होते. क्लास डी 80 टक्के किंवा त्याहून जास्त देतो. एबीचा आवाज गोड असतो असं म्हणणारे भेटतील. बंद खोलीत असेलही. आपल्या डांबरी रस्त्यावर, एसीच्या पंख्याच्या घरघरीत, मला तरी तो फरक ऐकू आलेला नाही. म्हणून क्लास डीच.

दुसरा हिशेब अल्टरनेटरचा. 75 वॅट आरएमएसचे चार चॅनल म्हणजे 300 वॅट. क्लास डीला 13.8 व्होल्टवर त्यासाठी सुमारे 27 अँपिअर लागतात, एबीला 36. वर 500 वॅटचा क्लास डी मोनोब्लॉक जोडला की आणखी 45. गाणं सतत पूर्ण ताकदीनं वाजत नाही, त्यामुळे सरासरी ओढ बरीच कमी असते, हे खरं. तरी लहान गाडीचा अल्टरनेटर 70-90 अँपिअरचा असतो, आणि त्यावर एसीचा ब्लोअर आणि हेडलाइटही असतात. उन्हाळ्यात एसी बंद करून गाणी ऐकणारा माणूस मी पाहिलेला नाही. बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंदावताना दिसले, की समजायचं गाडीला हे झेपत नाही.

भाच्याला मी म्हणालो: एकच चार चॅनलचा घे, क्लास डी, आणि मोनोब्लॉकचे वाचलेले पैसे वायरवर घाल. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर जाड दिसते, पण तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा कमी करंट नेते. सुरीनं खरवडून बघ, आत पांढरं दिसलं तर परत दे. बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. अर्थची (निगेटिव्ह) वायर छोटी ठेव, गाडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर जोड. अल्टरनेटरची कुईकुई बहुतेक वेळा कच्च्या अर्थमुळेच येते.

आता ट्यूनिंग. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टीरिओचा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालायचं ते बटण आहे. दुकानात पोरगं कानानं लावून देतं, दिवसभर दणके ऐकून त्याचे कान बधिर झालेले असतात. ऑसिलोस्कोपवर लाटेचं डोकं सपाट होताना दिसतं, तो सर्वांत खात्रीचा, पण तो किती जणांकडे असतो? मधला मार्ग मल्टिमीटर. स्पीकरची वायर काढा, इक्वलायझर शून्यावर, बेस बूस्ट बंद, स्टीरिओ पाऊण आवाजावर. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर हवे असलेले व्होल्ट (मीटर एसी व्होल्टवर ठेवा). टोन वाजवून मीटरवर तेवढे दिसेपर्यंत गेन वाढवा. 75 वॅट, 4 ओहमला 17.3, ब्रिज करून 200 वॅट, 4 ओहमला 28.3. सबसाठी 50 हर्ट्झचा टोन वाजवा. समोरच्या स्पीकरसाठी सगळे 1000 हर्ट्झ सांगतात, पण स्वस्त मीटर घरच्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी बनलेला असतो, वर गेलं की चुकतो. 400 पुरे. मीटरला फाटलेला आवाज मात्र कळत नाही, म्हणून शेवटी कान लागतोच.

मग समोरच्या स्पीकरचा हाय-पास (खालचा बेस अडवणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर, सबचा लो-पासही (वरचा आवाज अडवणारा) तिथंच. तपासायला मी गोंधळाचं गाणं लावतो. संबळाच्या मोठ्या भांड्याचा ठोका डिकीतून येतोय असं वाटलं, तर सबचा गेन जास्त आहे किंवा फेज, म्हणजे सबचा पडदा पुढं-मागं हलण्याची दिशा, उलटी आहे. फेजचं बटण 0 आणि 180 दोन्हीवर करून बघा. ज्यात ठोका पुढून येतो ते ठेवा. तुणतुणं कानात टोचत असेल तर ट्वीटर एक पायरी खाली.

पंधरा दिवसांनी ॲम्पच्या टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळा आणि त्याच्या अंगावरच्या उष्णता टाकणाऱ्या पत्र्याच्या पंखांतली (फिन्स) धूळ झटका. आपल्याकडच्या रस्त्यांवर दोन्हीची गरज पडतेच.