प्रबंधासाठी एससीओ घ्यावी की सीएसटीओ?

प्रादेशिक सुरक्षा संघटनांमधलं सत्ताकारण असा विषय ठरला की बहुतेकांचा हात आधी शांघाय सहकार्य संघटनेकडे, म्हणजे एससीओकडे जातो. भारत तिथे आहे, बातम्याही भरपूर. रशियाच्या पुढाकारातली सामूहिक सुरक्षा करार संघटना, सीएसटीओ, मागे पडते. सत्तेचाच अभ्यास करायचा असेल, तर मला ही निवड चुकीची वाटते.

सीएसटीओत वचन लेखी आहे. कराराचं कलम ४ म्हणतं, एका सदस्यावरचं आक्रमण ते सर्वांवरचं. मग ते कुणासाठी पाळलं गेलं? जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात दंगली उसळल्या. राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी मदत मागितली आणि दुसऱ्याच दिवशी सैन्य निघालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अझरबैजानने आर्मेनियाच्या हद्दीत, थेट जेरमुक शहरापर्यंत मारा केला. आर्मेनियाने कलम ४ पुढे केलं, तर हाती आलं ते पाहणी पथक. दंगल देशातली होती, मारा सीमेपलीकडून आला होता. कलमाच्या भाषेत आर्मेनियाचा हक्क मोठा. पण अझरबैजानशी वाकडं घ्यायला ना मॉस्को तयार होतं, ना इतर सदस्य. नोव्हेंबरमध्ये आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला झालेल्या सीएसटीओच्या शिखर परिषदेत यजमान पंतप्रधान पाशिनयान यांनीच जाहीरनाम्यावर सही केली नाही, आणि २०२४ मध्ये आर्मेनियाने आपला सहभाग गोठवला. लिहिलेलं आणि घडलेलं यांतली एवढी उघडी दरी अभ्यासकाला सहसा मिळत नाही.

एससीओत असं संरक्षणाचं कलमच नाही. कारभार एकमताने चालतो, त्यामुळे भांडण शब्दांवर होतं. जून २०२५ मध्ये चीनमधल्या चिंगदाओला, संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत, राजनाथ सिंह यांनी संयुक्त निवेदनावर सही नाकारली. मसुद्यात पहलगामच्या हल्ल्याचं नाव नव्हतं. त्याच वर्षीच्या तियानजिन शिखर परिषदेच्या जाहीरनाम्यात ते आलं, सोबत पाकिस्तानातल्या जाफर एक्स्प्रेसवरच्या हल्ल्याचा निषेधही आला. भारत-पाकिस्तान दोघांचंही राहिलं. हितसंबंधांची ओढाताण हाच गाभा असेल, तर हे साहित्य उत्तम आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. सीएसटीओचं कामकाज रशियनमध्ये चालतं, आणि ती भाषा न शिकता प्रबंध उथळ राहील. तेवढा वेळ नसेल तर एससीओच घ्या, पण सगळी संघटना कवेत घेऊ नका. २०१८ पासूनचे जाहीरनामे शेजारी ठेवा आणि फक्त ‘बेल्ट अँड रोड’चा, म्हणजे चीनच्या रस्ते-बंदरं जोडणाऱ्या योजनेचा, परिच्छेद वाचा. पाठिंबा देणाऱ्या देशांची नावं तिथे एकेक करून लिहिलेली असतात. भारताचं नसतं.