सुन्न करणारं क्रीम : लेकीच्या रक्ततपासणीला दोनदा वापरलं, त्याचा अनुभव

ज्यांची मुलं सुई बघितली की टेबलाखाली जाऊन बसतात त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. माझी लेक ७ वर्षांची, थायरॉईड कमी आहे म्हणून रोज सकाळी गोळी, आणि डोस बदलला की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) परत बघावं लागतं, त्यामुळे रक्त काढणं आमच्या पाचवीलाच पुजलंय.

पहिल्या वेळी काय झालं ते आधी सांगते. एका ठिकाणी तिला टेबलावर आडवं केलं, ह्यांनी खांदे धरले, मी पाय, शीर मिळेना म्हणून दोनदा टोचलं आणि पोर रडून रडून निळी पडायची वेळ. वर उपाशी आणा म्हणून सांगितलेलं. नुसत्या टीएसएचला उपाशी राहावं लागत नाही हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं, उलट पोटात पाणी नसेल तर शिरा अजून दबतात आणि सापडायला त्रास होतो. त्यानंतर स्पिरिटचा वास आला तरी तिचे हात गार पडायचे. रात्री झोपेतनं उठून विचारायची, "आई, उद्या नाही ना?" आजी समजूत काढायची, अगं मुंगी चावल्यासारखं होतं, पण तिला माहीत होतं की मुंगीसारखं नसतं, त्यामुळे आमच्या कुणाच्याच शब्दावर तिचा विश्वास राहिला नाही.

मग मुलांच्या डॉक्टरांनी हे क्रीम लिहून दिलं. आत लिडोकेन आणि प्रिलोकेन, दोन्ही २.५ टक्के. एम्ला ह्या नावाने डॉक्टर मंडळी ओळखतात, दुकानात वेगवेगळ्या कंपन्यांचं मिळतं, ट्यूबवर ही दोन नावं बघून घ्या. आमच्याकडे गुहागरात लगेच मिळालं नाही, मेडिकलवाल्या दादांनी चिपळूणहून मागवून दिलं, तेव्हा तपासणीच्या आदल्या दिवशी शोधायला निघू नका. ५ ग्रॅमची ट्यूब दोन्ही कोपरांच्या खोबणीत लावायला पुरते. दोन्ही हातांना लावाच, कारण एका हाताला शीर नाही मिळाली तर दुसरा हात तयार पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

लावायची पद्धत नीट समजून घ्या, आम्ही घरी आधी चुकीचंच समजत होतो. बामासारखं चोळायचं नाही! जाड गोळा ठेवायचा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावून झाकायचं. कमीत कमी एक तास. अर्ध्या तासात काढलंत तर वरची कातडी थोडी बधिर होईल पण सुई लागायची ती लागणारच. गुहागरहून चिपळूणला एसटीने सव्वा-दीड तास जातो म्हणून आम्ही घरूनच लावून निघालो, पण मे महिन्यातला आपला घाम तुम्हाला माहितीये, शृंगारतळी येईपर्यंत एका बाजूने पट्टी सुटून क्रीम फ्रॉकला लागलं. दुसऱ्या खेपेला हात आधी कोरडे पुसून चारी कडांना कागदी टेप मारली आणि वर बाबाचा जुना सैल मोजा कापून चढवला, तो मोजा तिला इतका आवडला की रस्ताभर त्याच्याशीच खेळत होती.

पट्टी काढल्यावर कातडी पांढरीफटक दिसते, थोड्या वेळाने लाल होते, घाबरू नका, क्रीमचाच परिणाम असतो. मात्र त्याने शीर थोडी आकसू शकते. आम्हाला रक्त काढणाऱ्या ज्या ताई भेटल्या त्यांना हे माहीत होतं, त्यांनी क्रीम पुसलं, दहा मिनिटं थांबल्या, तिला हात खाली सोडून मूठ उघड-मीट करायला लावली आणि मगच रबर बांधलं. क्रीम पुसल्यावरही परिणाम तासभर तरी राहतो, म्हणून लॅबमध्ये रांग असेल तरी जीव खालीवर करायचं कारण नाही.

आता खरं काम कशाने झालं ते. क्रीमने टोचण्याचं दुखणं गेलं, भीती नाही गेली. भीती आम्हाला वेगळी काढावी लागली. तिला एकदा सरळ विचारलं की तुला नक्की कसली भीती वाटते, तर म्हणाली, "सगळं रक्त संपलं तर?" एवढे दिवस आम्ही दुखणार नाही दुखणार नाही करत बसलेलो आणि पोरीच्या मनात हे! मग मी तिच्या औषधाच्या सिरिंजमध्ये ३ मिली कोकमाचं आगळ ओढलं आणि चहाच्या चमच्यात सोडलं. चमचासुद्धा भरला नाही. मग दीड लिटर पाण्याची बाटली शेजारी ठेवली आणि सांगितलं, तुझ्या अंगात साधारण एवढं रक्त आहे आणि ताई घेणार ते हे चमच्यातलं. बराच वेळ एकदा बाटलीकडे, एकदा चमच्याकडे बघत होती. मग बोट बुडवून चाटलं.

दुसरं म्हणजे आडवं पाडणं बंद. ताईंनी तिला माझ्या मांडीवर बसवलं, पाठ माझ्या पोटाला टेकलेली, एक हात मी मिठीत घेतलेला, दुसरा टेबलावर. विचारलं, "कुठला हात देतेस बाळा? बघणार की तिकडे तोंड करणार?" ती म्हणाली, बघणार. सुई बटरफ्लायची, बारीक, नळीवाली. टोचताना जोरात खोकायला सांगितलं. रबर बांधल्यावर मात्र रडली, घट्ट लागतं म्हणून, कारण दाब जाणवतोच, तो क्रीमने जात नाही आणि हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं, दुसऱ्या खेपेला सांगितलं तर त्यावरही रडली नाही, नुसती माझा अंगठा आवळून धरला होता.

काही गोष्टी सांभाळा. खरचटलेल्या किंवा खरूज-इसब असलेल्या जागी लावू नका, मूल हात तोंडात घालणारं असेल तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, आणि तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, रक्तातला ऑक्सिजन वाहण्यावर परिणाम होऊ शकतो. जीसिक्सपीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असलेल्या मुलांचंही तेच. मोठ्या मुलांनाही ट्यूबवर ट्यूब थापायची नाही, वय-वजनाप्रमाणे मर्यादा आहे.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक कापला तो घामात न टिकणाऱ्या पट्टीसाठी, आणि ताप चढलाय, आत्ताच्या आत्ता रक्त काढायचंय अशा वेळी एक तास कुठून आणणार, तिथे हे उपयोगाचं नाही.

पुढची तपासणी गणपती झाल्यावर. ट्यूब आत्ताच आणून कपाटात ठेवलीय, आणि यावेळी डाव्या हाताला आपण स्वतः लावणार असं तिने कालच सांगून ठेवलंय.