लंडनचं ऑयस्टर आणि काँटॅक्टलेस: भाड्याची कमाल मर्यादा कुठे वाचवते, कुठे फटका देते

पास काढावा की सुटी तिकिटं घ्यावीत, हा हिशेब लंडनमध्ये प्रवाशाला आधी करावा लागत नाही. या सेवेला पूर्ण गुण द्यावेत ते याचसाठी. ऑयस्टर, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं लंडनच्या वाहतुकीचं कार्ड, किंवा काँटॅक्टलेस, म्हणजे बँकेचं कार्ड वा फोन, रीडरला (कार्ड वाचणाऱ्या यंत्राला) टेकवायचं, म्हणजे टॅप करत फिरायचं. दिवसाचं भाडं मर्यादेला टेकलं की पुढचा प्रवास फुकट. २०२३ साली बसची एक फेरी १.७५ पौंडाला होती आणि दिवसाची मर्यादा ५.२५, म्हणजे चौथ्या फेरीपासून पैसे नाहीत. पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचं भाडंही लागत नाही. दिवस पहाटे साडेचारला बदलतो, त्यामुळे रात्री उशिराचा परतीचा प्रवास त्याच दिवसात मोजला जातो.

ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, मात्र लक्ष ठेवावं लागतं. तिथली मर्यादा तुम्ही कोणकोणत्या झोनमधून (भाड्यासाठी पाडलेले शहराचे पट्टे, झोन १ मध्यभागी) गेलात त्यावर ठरते, आणि आत जाताना व बाहेर पडताना दोन्हीकडे टॅप हवाच. डीएलआर या हलक्या रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांवर गेट नसतं, नुसता खांबावर रीडर असतो. गर्दीत तो हमखास सुटतो. मग प्रवास अर्धवट धरून सर्वाधिक भाडं कापलं जातं आणि ते मर्यादेत मोजलंही जात नाही. आत जाताना फोन आणि बाहेर पडताना त्याच खात्याचं बँक कार्ड टॅप केलं तर दोन अर्धवट प्रवास होतात, कारण यंत्रणेच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं. सकाळी जे टॅप केलं तेच दिवसभर वापरा. जादा पैसे कापले गेलेच तर टीएफएल या लंडनच्या वाहतूक संस्थेच्या वेबसाइटवर लगेच परतावा मागा.

झोन १ टाळून गाडी बदलत असाल तर मधल्या स्टेशनवरचा गुलाबी रीडर टॅप करा. तो चुकला तर झोन १ मधून गेल्याचं भाडं लागू शकतं.

आठवड्याची मर्यादा काँटॅक्टलेसवर आधी आली, ऑयस्टरवर २०२१ मध्ये. तिची खरी उणीव ही, की आठवडा सोमवार ते रविवार असाच धरतात. गुरुवारी येऊन पुढच्या बुधवारी परतणाऱ्याचा प्रवास दोन आठवड्यांत विभागला जातो आणि साप्ताहिक सवलत हातची जाते. रोज भरपूर फिरणार असाल तर अशा वेळी कोणत्याही दिवशी सुरू होणारं सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे ठरलेल्या झोनचा पास, ताडून बघा.

एरवी बँकेचं कार्ड पुरतं. ऑयस्टरच्या कार्डाचे वेगळे पैसे पडतात. रेलकार्ड (ब्रिटिश रेल्वेचं सवलतीचं कार्ड) असेल तर मात्र ऑयस्टरच घ्या, कारण गर्दीची वेळ सोडून मिळणारी सवलत स्टेशनवर त्यावर चढवून मिळते.